ठिगळ लावलेली गाडी

घरची गाडी घेऊन टेलरमास्तर सकाळीच गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला निघत. सोमवारपासून बायकोला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात नोकरीवर जायचं होतं, म्हणून स्वस्तातली, जुनी अशी दुसरी गाडी हवी होती. मास्तर इंजिनाकडे ढुंकूनही बघत नसत. ते थेट सीटवर वाकत, शिवण चाचपत आणि मालकाची कुंडली मांडत. "हा धाडकन बसणारा माणूस. गिअरही तसाच टाकत असणार!" अशा चार गाड्या त्यांनी नापास केल्या होत्या.

पाचवी बायकोने आधीच मेकॅनिकला दाखवली होती. "ताई, डोळे मिटून घ्या," तो म्हणाला होता. मास्तरांनी मात्र डोळे वटारले. चालकाच्या सीटला ठिगळ होतं.

"कुणी शिवलंय हे? सुई धरायची अक्कल नाही मेल्याला. नको ही गाडी!"

बायकोने चष्मा लावून ठिगळ निरखलं. सगळे टाके उलट्या बाजूला कललेले होते. डावखुरा शिंपी तिच्या माहितीत एकच होता.

"अहो, हे तुमचंच काम आहे."

मास्तरांनी ठिगळावर बोट फिरवलं, मग अंगठ्याने जोर लावून ओढलं. एक टाका हलेल तर शपथ.

"तसं मजबूत आहे हं," ते खाकरून म्हणाले. "घेऊन टाक."

सोमवारी बायको गाडीत बसली, तर दारात मास्तर सुईदोरा घेऊन हजर.

"उतर ना दोन मिनिटं. तेवढं नीट करून देतो."

"संध्याकाळी!" म्हणत तिने गाडी काढली.