दोन विमानांच्या मधला आठ

मुंबईहून निघालेलं विमान सकाळी तिरुवनंतपुरमला उतरणार होतं आणि मस्कतचं विमान तिथून संध्याकाळी होतं. तिकीट काढून देणाऱ्या मुलानं काळजीनं विचारलं होतं, "मॅडम, मधे फार वेळ जातोय, चालेल ना?" मी इतक्या जोरात "चालेल" म्हणाले की तो दचकलाच. त्याला काय ठाऊक, माझी ताई त्याच शहरात राहते!

आमच्या आटपाडी-खानापूरकडची पुष्कळ घरं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, एखाद्या बोळात आमच्याकडचा माणूस भट्टीपुढं बसलेला दिसेल. दाजीही त्यातलेच. लग्न झाल्यावर ताई त्यांच्यासोबत इकडं आली. मी शिकत राहिले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि आता परदेशातल्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला निघाले होते. मधल्या त्या वेळात ताईला भेटायचं, समुद्र बघायचा, बाजार फिरायचा, असं काय काय मी ठरवून ठेवलं होतं.

बाहेर आले तर ताई आणि दाजी स्कूटरजवळ उभे. ताई पुढं झाली. तिनं मला घट्ट मिठी मारली आणि लगेच म्हणाली, "समुद्र त्यो बघ, पलीकडंच हाय. बघून घे पटकन. आज माझी परीक्षा हाय."

"कसली परीक्षा?"

"लायसनची," दाजी म्हणाले. "दोनदा नापास झाल्यात बाईसाहेब."

ताईनं त्यांच्याकडं असं बघितलं की दाजी गाडीचा आरसा पुसायला लागले.

ती वर्षभरापासून डबे करते, हे मला ठाऊक होतं. गलाईच्या दुकानांत कामाला असलेली आपल्याकडची पोरं भाकरी-कालवणासाठी जीव टाकतात. पण डबे रिक्षानं जायचे आणि रिक्षा वेळेवर कधी यायची नाही. कंटाळून दोन दुकानांनी डबे बंद केले होते. म्हणून ही स्कूटर घेतली होती. आता शिकाऊ लायसनची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. आज पास झाली नाही, तर स्कूटर दिराला द्यायची आणि डबे बंद करायचे, असं घरात ठरलं होतं. हे सांगताना ताईचा आवाज बारीक झाला.

समुद्र खरंच रस्त्यापलीकडं होता. इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघत होते. ओढ्याला पूर आल्यावर आम्ही सगळे बघायला पळायचो, तसंच मला पळत सुटावंसं वाटलं. पण मागून ताईची हाक आली, "अगं ये की हिकडं! तुझे बूट काढ!"

किनाऱ्यालगतच्या मोकळ्या जागेत दाजींनी आपल्या चपला मांडल्या होत्या. त्यात माझे मस्कतसाठी घेतलेले नवे बूट जाऊन बसले. त्यांच्या भोवतीनं आठाचा आकडा काढायचा. परीक्षेत चपलांच्या जागी लोखंडी दांडे असतात. दांड्याला धक्का लागला की नापास, पाय जमिनीला टेकला की नापास.

ताई निघाली. पहिल्याच वळणावर पाय खाली.

"पाय!" दाजी ओरडले.

"कळतंय मला!"

"कळतंय तर टेकतीस कशाला?"

कशाला, ते मला माहीत होतं. आम्ही दोघी काकांच्या मोपेडवर बांधावरनं गाडी शिकलो. तिथं दोन्ही पाय खाली लोंबतेच ठेवायचे, नाहीतर सरळ डाळिंबाच्या काट्यात. आमच्याकडं सगळे असेच शिकतात. ताईचा पाय मनाला न विचारताच खाली येत होता.

आणखी एक गोष्ट दिसली. वळताना ती पुढच्या चाकाकडं बघत होती.

"ताई, विहिरीच्या पायऱ्या चढताना खाली बघत हुतीस का कवा?"

"न्हाई. खाली बघितलं की हांडा हलायचा."

"मग आता बी डोक्यावर हांडाच हाय असं समज. पुढची चप्पल बघ, चाक बघू नको."

"हांडा कुठला, हेल्मेट हाय," दाजी म्हणाले.

"आवं, तुमी गप बसा जरा!"

पुढची फेरी स्वच्छ गेली. मी टाळ्याच वाजवल्या. त्याच्या पुढच्या फेरीला पाय परत टेकला. तेवढ्यात निघायची वेळ झाली.

परीक्षेचं मैदान जवळच होतं. ताईच्या आधी एका कॉलेजच्या मुलानं दांडा पाडला आणि मान खाली घालून गेला. ताईचं नाव पुकारलं. मी दाजींचा हात धरला, तर तो माझ्यापेक्षा गार पडला होता.

पहिलं वळण गेलं. मधली चिंचोळी जागा गेली. ताईची मान ताठ होती, नजर लांब. शेवटच्या वळणावर मात्र गाडी डुगडुगली आणि तिचा उजवा पाय निसटला. हवेत लोंबकळला. मग तो पाय, जणू कुणी वरून दोरी ओढावी तसा, परत जागेवर गेला. गाडी बाहेर आली.

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मल्याळममध्ये दोन शब्द बोलले.

"काय म्हणाले?" मी पळत जाऊन ताईला विचारलं.

"बाजूला व्हा, पुढच्याला येऊ द्या."

"म्हंजे?"

"म्हंजे रस्त्यावर चालवायला चल म्हणतोय! आठ जमला गं येडे!"

रस्त्यावरची चाचणी तिनं हसत हसत दिली. घरी जेवताना तिचा मोबाईल वाजला. लायसन आलं होतं. ताईनं भाकरीच्या हातानंच पडद्यावरचा स्वतःचा फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "किती काळी दिसतीया मी!" मग डोळे पुसले.

मस्कतच्या विमानासाठी विमानतळाच्या दुसऱ्या इमारतीत जायचं होतं. दाजींनी रिक्षा बोलवायला फोन काढला.

"रिक्षा कशाला?" ताई म्हणाली. "बस गं मागं."

बॅग पायाशी, मी मागं, ताई पुढं. सिग्नलला एका बसवाल्यानं हॉर्न वाजवला, तर तिनं मल्याळममध्ये त्याला असं सुनावलं की मला न कळताही हसू आवरेना. विमानतळाच्या दारात तिनं गाडी थांबवली, पण उतरली नाही.

"चल, पोचलीस की फोन कर."

"थांब की थोडी."

"न्हाई गं, संध्याकाळचं डबं हायत. सगळं भरून ठिवलंय." तिनं माझ्या गालावर हात फिरवला आणि गाडी वळवली.

लग्नानंतर ती माहेरी आली की मला कॉलेजला सोडायला यायची; दर वेळी एसटी स्टँडवर ती थांबायची आणि मी जायचे. आज मी बॅग घेऊन दारात उभी होते, आणि ताई घाईत होती. ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभी राहिले.