दसपटमामांचा अ‍ॅम्प्लिफायर

माझे मामा लिफ्ट तपासतात. पाटीवर आठ माणसं लिहिली असली तरी दोर ऐंशी माणसांना पेलेल असा हवा, हा त्यांच्या खात्याचा नियम. बाकीचे लोक हा नियम संध्याकाळी कचेरीत ठेवून घरी जातात. मामा तो बरोबर घेऊन येतात. त्यांनी कॅलेंडरसाठी ठोकलेल्या खिळ्याला बैल बांधता येईल. कपडे वाळत घालायच्या दोरीवर आमचे चार शर्ट बापुडवाणे लोंबतात आणि दोरी जहाजाची वाट बघत असते. म्हणून कचेरीत त्यांना ‘दसपट’ म्हणतात आणि आम्ही भाचेमंडळी दसपटमामा. तोंडावर म्हटलं तरी चालतं, त्यांना ती पदवी वाटते.

नोकरीसाठी मी त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हा हॉलमध्ये होम थिएटर नुकतंच नांदायला लागलं होतं. पुढे तीन स्पीकर, मागे दोन, कोपऱ्यात एक ढब्बू सबवूफर आणि टीव्हीखाली या सगळ्यांना हाकणारा रिसीव्हर. सिनेमे दाखवणं हा त्याचा जोडधंदा होता. मुख्य उपयोग काळजी करण्यासाठी.

“अरे, हा एकटा डबा पाच जणांना ओढतोय,” मामा रिसीव्हरवर तळहात ठेवून म्हणायचे, जणू त्याला ताप आहे. “एका मोटरवर पाच लिफ्ट!”

“पण ओढतोय ना, मामा?”

“आज ओढतोय. जोर लावला तर?”

जोर लावायची सोय नव्हती. आवाज जरा चढला की खालच्या मजल्यावरचे काका छताला काठीनं ठोकत आणि मामा मुकाट्यानं उतरवत. पण दुकानदारानं त्यांना सांगून ठेवलं होतं, “साहेब, वेगळा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर लावा. आवाजाला श्वास घेता येतो.” रिसीव्हरमध्ये डोकं आणि दम एकाच डब्यात असतात. पॉवर अ‍ॅम्प म्हणजे नुसता दम, डोकं नाही. असा एक प्राणी वेगळा पोसायचा, असं मामांच्या मनानं घेतलं.

अडचण जागेची होती. अ‍ॅम्प तापतो, त्याला भोवती वारा लागतो. तेवढी मोकळी जागा एकच, खिडकीजवळची. आणि तिथे मामीचं शिलाई मशीन होतं. मशीनभोवती गिऱ्हाइकांचे जाड पडदे, अर्धवट कोट, कापडाचे गठ्ठे असा सगळा तिचा संसार. मामी त्या कोपऱ्यात दिवसभर शिवते. घरातला चांगला उजेड तेवढाच.

“मशीन आतल्या बोळात जाईल,” मामा म्हणाले. “तिथे बल्ब लावू. मोठा.”

“तुमच्या आवाजाला श्वास हवा,” मामी दातानं दोरा तोडत म्हणाली, “आणि माझ्या डोळ्यांनी काय बल्बकडे बघत काळ्यावर काळी शिलाई घालायची?”

“अगं, शास्त्र आहे ते.”

“मग शास्त्रालाच बसवा बोळात.”

दोन दिवस जेवताना फक्त वाट्या बोलत होत्या. मग मामीनंच तोडगा काढला. मामांचा एक गुण तिला पक्का माहीत होता. स्वतः तपासल्याशिवाय ते कशावरही सही करत नाहीत, मग समोर साहेब असो नाहीतर बिल्डर. ती म्हणाली, “आणा तो एका रविवारपुरता. तुमच्या कानांना फरक पडला तर मशीन बोळात, मी ब्र काढणार नाही. नाही पडला तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही.”

“मंजूर,” मामा म्हणाले. मामी शिवायला बसली, पण तिचा पाय मशीनवर नेहमीपेक्षा जोरात पडत होता.

मामांचा एक मित्र सभांना स्पीकर भाड्यानं देतो. सगळे त्याला कर्णा म्हणतात. रविवारी सकाळी त्यानं आणि मी मिळून एक अ‍ॅम्प जिन्यानं वर चढवला, कारण मामांनी तो लिफ्टमध्ये घेऊ दिला नाही. मशीन बोळात गेलं. मागोमाग गठ्ठे गेले, पडदे गेले, कोट गेले. कोपरा चकचकीत झाला. खालच्या काकांना मामांनी आदल्या दिवशीच गोड बोलून बहिणीकडे जायला लावलं होतं.

सिनेमा लावला. नायक काहीतरी बोलला आणि तेच वाक्य भिंतीनंही म्हटलं. गोळी सुटली ती हॉलमध्ये दोनदा फिरून मगच लागली. नायिका रडली तर विहिरीत पडल्यासारखी.

“दमदार आहे,” कर्णा म्हणाला.

“काय बोलतेय ती?” मामांनी विचारलं.

“ते कळत नाही. पण दमदार आहे.”

मामांनी वायरी बदलल्या. स्पीकर तिरपे केले. स्वतः तिरपे बसले. शेवटी अ‍ॅम्प काढून जुना रिसीव्हर जोडला, तर तोही विहिरीतूनच बोलायला लागला. मामांचा चेहरा पडला. काल हाच डबा स्वच्छ बोलत होता!

तेवढ्यात मामी दोन्ही हातांत पडद्यांचा ढीग घेऊन आत आली. “तुमचं चालू द्या. बोळात टाचणी दिसत नाहीये, मी इथे खाली बसून टाचते.” तिनं ढीग टाकला, मागोमाग गठ्ठे ओढत आणले, कोट खुर्चीवर भिरकावले. आणि टीव्हीतली नायिका एकदम विहिरीतून वर आली.

मामा ताडकन उठले. “थांब! ते परत बाहेर ने.”

“काय?”

“ने गं. तपासणी आहे.”

गठ्ठे बाहेर, नायिका विहिरीत. गठ्ठे आत, नायिका काठावर. अ‍ॅम्प लावून पाहिला, काढून पाहिला. त्यानं काही फरक पडला तर तो फक्त विजेच्या मीटरला. मामा कमरेवर हात ठेवून, एखाद्या वाईट दोराकडे बघावं तसे त्या अ‍ॅम्पकडे बघत राहिले.

“वेगळ्या यंत्राची गरज नाही,” ते खर्जात म्हणाले. “घुमणारा आवाज हे कापडच पितंय. मशीन जागेवर आणा.”

मामी मशीन स्वतः ओढायला गेली, मला हातही लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मामा कचेरीत सांगू लागले, की आम्ही हॉलला ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनं सजवून घेतलंय. इथवर ठीक होतं. पण आठवड्याच्या शेवटी एक बाई आपले पडदे न्यायला आल्या.

“लगेच नेताय?” मामा दारात आडवे. “रविवार होऊ द्या ना. आमच्या मागच्या स्पीकरला फार मानवलेत हो.”

“अहो, त्यांच्या घराला खिडक्या आहेत,” मामी म्हणाली आणि पडदे बाईंच्या हातात दिले.

संध्याकाळी मामा स्वतः बाजारातून जाड लोकरी कापडाचा तागा खांद्यावर घेऊन आले आणि मामीच्या कोपऱ्यात अदबीनं ठेवला.

“काय शिवायचं याचं?”

“काहीच नाही. नुसतं शिवायचं आहे असं राहू दे.”

मामीनं कापड बोटांत धरून पाहिलं, पोत तिला आवडलेला दिसला. तिनं गळ्यातली टेप काढली. “हात वर करा.”

“अगं, पण कोट शिवलास तर कापड जाईल ना इथून!”

“कुठे जातंय?” मामी त्यांच्या छातीभोवती टेप ओढत म्हणाली. “तो घालूनच सिनेमाला बसायचं.”