भागूची चिनी मातीची भिकबाळी

आमच्या वारूळवाडीत भागू गड्यांसाठी चिनी मातीचे दागिने करायचा, असं सांगितलं की लोक आधी हसतात. मीही हसलो होतो. बरणी, कपबशी इथवर ठीक, पण पुरुषाच्या अंगावर चिनी माती? शेजारी असल्यामुळे त्याचे सगळे प्रयोग माझ्यावर व्हायचे, आणि पुढं पुढं तर त्याच्या अंगठीशिवाय माझं मलाच बोट उघडं वाटायला लागलं.

विजेच्या खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर करणाऱ्या एका कारखान्यात भागू पंधरा वर्षं होता. सत्त्याण्णवला कारखाना बंद पडला. बाकीचे कामगार भांडत बसले. यानं साहेबाला गाठून प्रयोगशाळेतली ट्रंकेएवढी विजेची भट्टी मागून घेतली आणि टेम्पोत घालून गावी आणली. गोठ्याशेजारी ती बसवली. सदऱ्याची बटणं, अंगठ्या आणि नवरदेवानं कानात घालायची पांढऱ्याशुभ्र मण्यांची भिकबाळी, असा त्याचा माल. मणी हातावर वळायचा, बाभळीच्या काट्यानं भोक पाडायचा, आणि भट्टी लावायची ती लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून. मधेच वीज गेली की सगळा घाणा वाया.

त्याच्या बायकोला, साळुबाईला, हे अजिबात पटत नव्हतं. गोडाऊनवर वॉचमनची जागा रिकामी आहे, ती धरावी, असं तिचं म्हणणं. शेवटी दोघांचं ठरलं. नारायणगावच्या चंपालाल शेटनी माल दुकानात ठेवला तर भट्टी राहील, नाहीतर भंगारात जाईल.

शेटचं कपड्यांचं दुकान. आजोबा राजस्थानातून आलेले, पण यांचं बोलणं आमच्यासारखंच. पंचक्रोशीतले नवरदेव पोशाखाला त्यांच्याकडंच येतात. भिकबाळी त्यांना आवडली, पण लग्नात काही फुटलं तर अपशकुन झाला म्हणून लोक दुकानावर चाल करून येतील, ही त्यांची भीती. त्यांनी अट घातली की एखाद्या नवरदेवानं ती लग्नभर घालावी. टिकली, तर काचेच्या कपाटातला वरचा खण भागूचा.

नवरदेव घरातलाच मिळाला, भागूचा भाचा भरत. लग्न घोडेगावात. भागूनं सगळा विचार केला होता. हार कानावरून ओढला जाईल, मुंडावळ्या अडकतील, फेटा दाबेल. त्यासाठी तार जाड घेतली, मणी दोनदा भाजले. अक्षता पडल्या, भिकबाळी जागेवर. पहिल्या रांगेत बसून शेट नवरदेवाच्या कानाकडंच बघत होते. मग भटजींनी नवरीच्या भावाला कानपिळीसाठी हाक मारली.

भागूचा चेहरा पांढराफटक पडला. बहिणीला नीट सांभाळ म्हणून नवरीचा भाऊ नवरदेवाचा उजवा कान पिळतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एवढा विचार करणारा हा शहाणा नेमकं तेच विसरला होता. आणि भिकबाळी उजव्याच कानात! त्यात नवरीचा भाऊ आदेश तालमीतला गडी, त्याचे पंजे फावड्याएवढे. भोवतालची पोरं त्याला चेतवत होती. त्यानं भिकबाळीसकट कान मुठीत धरला.

"हळू रं, फुटंल ती," भागू ओरडला.

आदेशनं पिळायचा तसा पिळलाच. भरत कळवळला, मांडव हसला, मूठ सुटली. कान लालबुंद झाला होता आणि मणी जसेच्या तसे, एकालाही चरा नाही. मी टाळी वाजवायला हात उचलले, तर शेट मान हलवत होते.

"मणी टिकले, भागूभाऊ. पण करणाऱ्यालाच भरवसा नाय, तर मी गिऱ्हाइकाला काय सांगू?"

मला भागूची दया आली आणि रागही आला. एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं? तेवढ्यात बायकांतून साळुबाई उठली. झालं, म्हटलं, आता वॉचमनचं काढणार. ती पदर खोचून शेटपुढं उभी राहिली.

"शेट, ह्यांचं सोडा, हे लई भित्रे हायेत. मला इचारा. सहा वर्सं मी ह्यांचे सदरे धोंड्यावर आपटतीया. मुद्दाम बटनांवर आपटतीया, फुटली म्हंजी भट्टी जाईल म्हणून. चार सदरे फाटले. बटन एकबी फुटलं न्हाई."

शेट आधी गालातल्या गालात, मग मोठ्यांदा हसले आणि सोमवारी माल घेऊन या म्हणाले. भागूला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तो बायकोकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू.

"मग इतके दिस बोलली का न्हाईस?" त्यानं विचारलं.

"बोलले असते तर तुमी वॉचमन झाला असता व्हय?" असं म्हणून साळुबाई पंगतीत वाढायला गेली.