अप्पांच्या गाडीतली कुईई

गॅरेजवाल्याकडं किश्श्यांना तोटा न्हाई. आमच्या अहमदपूरच्या गॅरेजात जुन्या क्लचप्लेटा तरी एका कोपऱ्यात मावतात, किस्से मात्र मावत न्हाईत. मी अन् सलीमभाई, दोघांची पार्टनरशिप. तो गाडीखाली, मी स्टेअरिंगवर. गाडी मी पळवायची, आवाज त्यानं ओळखायचा. पार नांदेडहून लोक त्याच्या कानासाठी गाड्या घेऊन येतात. आमचं दुकान त्या कानावरच चाललंय, तेवढं ध्यानात ठेवा.

*

मागच्या वर्षी सलीमभाईनं कायदाच काढला. गिऱ्हाइकानं आवाज तोंडानं काढून दाखवायचा, अन् तोही माझ्यासमोर. का, ते सांगितलं न्हाई.

उदगीरचे अप्पा आले. किराण्याचे ठोक व्यापारी, कपाळाला भस्म, बोलणं एकदम हळू. क्लच दाबला की आवाज येतो म्हणाले. सलीमभाई म्हणाला, काढून दाखवा. अप्पांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, टोपी सरळ केली अन् काढला, "कुईईई!"

मागच्या सीटवर त्यांची सूनबाई बसलेली, हे ते विसरूनच गेले होते. तिनं पदर तोंडात कोंबला, तरी गाडी हलायला लागली. नंतर अर्धा तास अप्पा कुणाच्या तोंडाकडं बघेनात.

*

तसं क्लचचं गणित सोपं हाय. पेडल दाबल्यावर आवाज आला तर रिलीज बेअरिंग, सोडल्यावर आला तर गिअरबॉक्स. पण गिऱ्हाईक सोपं नसतं ना.

शिरूर अनंतपाळचे एक मास्तर बायकोला घेऊन आले. मास्तर म्हणाले सोडल्यावर येतो, बाई म्हणाल्या दाबल्यावर येतो. दोघांची जुंपली. मी गाडी पळवून आणली, दाबून बघितलं, सोडून बघितलं. मला काहीच ऐकू आलं न्हाई. सलीमभाई बाजूलाच बसला होता, तो म्हणाला, येतोय की. मला काही समजेना.

शेवटी बाईंनीच निकाल लावला. "ह्यांनी क्लच सोडलेला मी कधी बघितलाच न्हाई. लातूरपर्यंत पाय त्याच्यावरच असतो!"

बेअरिंग काढलं तर पार खलास झालेलं. मास्तर गुपचूप बाहेर चहाला गेले.

*

आता माझी खरी अडचण सांगतो. सलीमभाईकडं बाभळीची एक काठी हाय. तिचं एक टोक गिअरबॉक्सला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, अन् दुखणं सांगायचं, अशी त्याची पद्धत. तर त्याच दिवसांत तो ती काठी कानाला न लावता दातात धरायला लागला. विचारलं तर म्हणे, ट्राय करून राहिलो.

वर बोलणंही वाढलेलं. चहा घेतो का, हेसुद्धा माझ्या तोंडाजवळ येऊन, मोठ्यानं. मला धस्स झालं. ज्याला कमी ऐकू येतं तोच मोठ्यानं बोलतो, हे काय कुणी सांगायला पाहिजे?

खात्री करावी म्हणून एकदा त्याच्या पाठीमागं हळूच एक वॉशर टाकला. तो लगेच वळला, काय पडलं म्हणाला. आता हे ऐकू आलं म्हणावं का सावली दिसली म्हणावं? त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई. बरोबर उमेदवारी केलेला माणूस, अन् त्याचा कान गेला तर त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

*

त्यात अप्पांच्या गाडीनं भर घातली. सलीमभाईनं बेअरिंग सांगितलं होतं. पण तो देवणीला लग्नाला गेलेला, म्हणून नवं बेअरिंग मीच बसवलं, ट्रायल मीच घेतली. गाडी एकदम शांत. अप्पांना म्हटलं, घेऊन जा बिनधास्त.

दुसऱ्या दिवशी अप्पा परत हजर. आवाज तसाच हाय म्हणाले, अन् पुन्हा असं झालं तर दुसरं गॅरेज बघतो, असंही हळूच म्हणाले. म्हणजे सलीमभाईचं निदानच चुकलं होतं. मला रडूच यायचं बाकी राहिलं.

धीर केला. त्याला म्हटलं, भाई, लातूरला कानाचे एक चांगले डॉक्टर हायत म्हणतात.

"हाव, चल की," तो पटकन म्हणाला. "मीच सांगणार होतो, हिंमत होत नव्हती."

बिचाऱ्याला स्वतःलाच कळलेलं. माझे डोळे भरून आले.

*

अप्पांना मार्केटात काम होतं, म्हणून त्यांच्याच गाडीत निघालो. लातूर रोडला अप्पांनी गाडी बाजूला घेतली अन् क्लच दाबून म्हणाले, "ऐका, आला बघा."

"कुठं?" मी म्हटलं.

अप्पांनी सलीमभाईकडं बघितलं. सलीमभाईनं अप्पांकडं बघितलं. मग तो खाली उतरला, बॉनेट उघडलं, मला हाताला धरून पुढं नेलं. काठीचं एक टोक आत गिअरबॉक्सला टेकवलं अन् दुसरं माझ्यासमोर धरलं.

"दातात धर, व्यंकट."

मी धरली. त्यानं अप्पांना हात केला. अप्पांनी क्लच दाबला.

कुईईई. डिट्टो अप्पांनी तोंडानं काढला होता तसा. काठी दातातून काढली, अन् आवाज गायब.