पाकीट समोर फोडा

मंदाकिनीबाई छत्तीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होत्या. निवृत्तीनंतर त्या मोहन्याला राघो पाटलांच्या चाळीत भाड्याने राहायला आल्या. पहिले तीन महिने बायका बीपी मोजायला त्यांच्याकडे यायच्या, चहा घेऊन जायच्या. पुढचं सगळं वैरात गेलं.

शेजारच्या रखमाबाईंना ताप भरला, म्हणून बाई त्यांना चाळीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तो गाळाही राघोंचाच. तिथले डॉक्टर कशालाही इंजेक्शन द्यायचे आणि सुई टोचल्याशिवाय लोकांनाही बरं वाटायचं नाही. कंपाउंडरने आधीच्या पेशंटची सिरिंज उचलली, फक्त सुई बदलली. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"सिरिंज तीच आहे."

"सुई नवी लावली ना!"

"रक्त आतपर्यंत ओढलं जातं. एकाची कावीळ दुसऱ्याला द्यायची आहे का?"

डॉक्टर उठून आले. "रिटायर झालात ना? मग घरी बसा."

बाईंनी पालिकेत लेखी तक्रार दिली. तपासणीला माणसं आली, त्या दिवशी टेबलावर नव्या सिरिंजचा खोका मांडलेला होता. माणसं गेली आणि खोकाही गेला. दुसऱ्या दिवसापासून बाई रोज सकाळी दवाखान्याच्या पायरीशी उभ्या राहू लागल्या.

"पाकीट डोळ्यांसमोर फोडायला सांगा. सुई आणि सिरिंज, दोन्ही नवी. गोळीने भागत असेल तर इंजेक्शन मागू नका."

"म्हातारीला काम नाही," लोक म्हणायचे. बीपी मोजायला येणं बंद झालं. रखमाबाईही तोंड फिरवून जायच्या. एका सकाळी बाईंच्या उंबऱ्यावर कोणीतरी खरकटं ओतलं होतं. बाईंनी ते धुतलं आणि पायरीशी जाऊन उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी राघो दारात आले. "आमच्या गावान ऱ्हायचं आन् आमच्याच डॉक्टरची बदनामी करायची? भाड्याची खोली हाय बाय, इसरू नको."

"तुमच्या घरातलेही तिथेच जातात, राघोभाऊ."

"माझ्या घराचं मी बघीन!"

महिनाभराने राघोंची सून करिश्मा भरदुपारी मागच्या दाराने आली. पाचवा महिना चालू होता. हातात रिपोर्ट होता. रक्तात हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, निघाली होती.

"बाई, त्या दवाखान्यातल्या इंजेक्शनमुळेच झालं का हो?"

बाईंना हो म्हणायचा मोह झाला. "ते आता कोणी ठामपणे सांगू शकणार नाही," त्या म्हणाल्या. "नवऱ्याचीही तपासणी करून घे. मोठ्या इस्पितळात नाव घाल. आणि हे लिहून घे. तुझ्यापासून बाळाला लागू नये म्हणून जन्मलं की पहिल्या बारा तासांत लस, सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन. घरच्यांनी उद्यावर ढकललं तर भांड."

राघोंना घरात कळलं तसं त्यांनी दोन दिवसांत डॉक्टरांचं सामान रस्त्यावर काढलं. गाळा मुलाला हवाय, असं गावात सांगितलं. पण खरं काय ते बाईंना माहीत होतं आणि तेच राघोंना सहन होईना. त्याच आठवड्यात त्यांनी बाईंनाही खोली सोडायला सांगितली. चाळीतलं कोणी मध्ये पडलं नाही. टेम्पोत सामान चढवायलाही कोणी आलं नाही.

बाई शहाडला राहायला गेल्या. बाळंतपण झालं, दोन्ही इंजेक्शनं वेळेवर पडली. वर्षभराने करिश्माचा फोन आला. पोरीचं रक्त तपासलं होतं. काही निघालं नव्हतं.

"दोन्ही वेळेला पाकीट माझ्यासमोर फोडायला लावलं, बाई. नर्स चिडली माझ्यावर."

"चिडू दे."

"सासरे विचारत होते, बाई कुठे असतात म्हणून."

उंबऱ्यावरचं ते खरकटं बाई विसरल्या नव्हत्या.

"त्यांना पत्ता देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "तू मात्र ये. पोरीला घेऊन ये."