बंद गेटच्या आतले खैरनारकाका

खैरनारकाका कुठल्याही वस्तूला पहिल्यांदा उलटा हात लावत. नळ असो, दाराची कडी असो, आमच्या घरातलं पत्र्याचं कपाट असो. आधी बोटांची मागची बाजू हलकेच टेकवायची आणि मगच मूठ वळायची. लहानपणी एकदा मला ताप आला होता, तेव्हाही त्यांनी माझ्या कपाळाला असाच उलटा हात लावला. मी विचारलं, "काका, तुमचा हात दुखतो का?" ते हसले. "नही माय. करंट असला तर सरळ हात चिकटून बसतो, उलटा हात झटक्यानं मागे येतो. आता सवयच पडली." मी म्हणाले, "माझ्यात कुठे करंट आहे?" "ताप शे ना," ते म्हणाले, "तो काय कमी शे?"

दिनकर खैरनार मूळचे सटाण्याकडचे. नाशकात येऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांच्या बोलण्यातला अहिराणी 'शे' काही गेला नव्हता. सिडकोत ते आणि काकू आमच्या समोरच्या ओळीत राहत. अंबडच्या ज्या कारखान्यात माझे बाबा ऑपरेटर होते, तिथेच काका इलेक्ट्रॉनिक्सचे मेकॅनिक होते. तिथे गाड्यांचे सुटे भाग बनायचे. मशीनं परदेशातून आणलेली होती आणि प्रत्येकाच्या शेजारी एक लोखंडी कपाट होतं. कपाटात तारा, दिवे, हिरव्या पट्ट्या. मशीननं किती पुढे जायचं, कुठे थांबायचं, हे सगळं त्या कपाटातून ठरायचं. मी कारखाना आतून कधी पाहिला नाही. हे सगळं बाबांच्या तोंडून ऐकलेलं आहे, त्यामुळे सांगताना काही चुकत असेल तर माझं चुकत असेल.

बाबा सांगत, मशीन बंद पडलं की साहेबापासून सगळे ओरडायला लागत. काका मात्र सरळ बाबांजवळ येऊन विचारत, "अशोक, बंद पडायच्या आधी काय केलं तिनं?" बाबा सांगत, आवाज बदलला होता, किंवा मशीनचा हात मध्येच अडकला होता. काका कपाट उघडत, एक बारीक दिवा पेटलेला आहे का पाहत आणि म्हणत, "याद शाबूत शे. मग घाबरू नको." मोटर जळली तर दुसरी मिळते, तार तुटली तर जोडता येते, पण मशीनची याद गेली की ते नुसतं लोखंड, असं त्यांचं म्हणणं होतं. या विचारपुशीतूनच त्यांची आणि बाबांची दोस्ती झाली. सुट्टीच्या दिवशी दोघं ओट्यावर बसून तंबाखू मळत. बाबा सिन्नरकडचे. काकांच्या बोलीची ते नक्कल करत आणि काका त्यांना म्हणत, "तू आधी 'हाय' सोड, मग माझा 'शे' काढ."

मी बारावीला होते तेव्हा कारखान्याला टाळं लागलं. पगाराच्या बोलणीवरून सुरू झालेलं भांडण होतं. एके सकाळी कामगार गेले तर गेटवर नोटीस. मग गेटसमोर ताडपत्रीचा मांडव पडला आणि बाबा रोज तिथे जाऊन बसू लागले. काही दिवसांनी मालकाकडून निरोप आला की एकट्या खैरनारांना आत पाठवा.

त्याचं कारण काकांनी आमच्याच घरी बसून समजावलं होतं. मशीनची सगळी याद एका छोट्या बॅटरीच्या जोरावर टिकते. कारखाना चालू असेल तर तिच्यावर भार पडत नाही. मशीन बंद राहिलं की बॅटरी झिजत जाते, आणि ती संपली की याद पुसली जाते. त्यात पावसाळ्याची ओल. म्हणून रोज कुणीतरी आत जाऊन मशीनं थोडा वेळ चालू करायची, बॅटऱ्या तपासायच्या. "उद्या टाळं उघडलं आणि मशीनच नही उठली तर? मालक म्हणेल, आता कशाला चालू करू? त्याला निमित्तच मिळेल." बाबांना ते पटलं. मांडवात काही जणांची कुरकुर होती, पण बाबांनी सगळ्यांना सांगितलं, "दिनकर आपला माणूस हाय. तो आपल्यासाठीच आत जातो. मी सांगतो ना."

पहिले काही महिने ती गंमतच होती. काका सायकलवरून आले की मांडवातून कुणीतरी ओरडायचं, "आले बघा मशीनचे जावई!" दुसरा म्हणायचा, "काय खैरनार, पोरींना दूध पाजलं का?" काकाही म्हणायचे, "पाजलं, आणि ढेकर काढून झोपवलं." बाबा घरी येऊन हे सांगायचे तेव्हा आईसुद्धा हसायची.

पुढे मांडवातली माणसं कमी होत गेली. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी गावाकडे गेलं. जे उरले त्यांचं हसणं बंद झालं. काकांना आत गेल्याबद्दल थोडाफार पगार मिळतो हे सगळ्यांना माहीत होतं, आणि बाहेर बसलेल्यांना काहीच मिळत नव्हतं. त्यांच्या सायकलची हवा जाऊ लागली. एकदा काकूंना नळावर कुणीतरी विचारलं, "तुमच्याकडे बरं शिजतं हो रोज?" त्यानंतर काकू पाण्याला उशिरा येऊ लागल्या.

अशातच एका संध्याकाळी चार-पाच कामगार बाबांना घेऊन काकांच्या घरी गेले. मी चहाचे कप घेऊन गेले होते म्हणून मला ते ऐकायला मिळालं. एक जण म्हणाला, "खैरनार, बॅटऱ्या काढून टाका. त्याशिवाय तो मालक वठणीवर येणार नाही. मशीनं मेली की धावत येईल बोलणी करायला."

"येणार नही," काका म्हणाले. "मेलेल्या मशीनसाठी कोण येतं?"

"म्हणजे तुम्ही त्याचेच."

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "राहू द्या रे. मशीन चालू राहिलं तर आपण राहू. मी दिनकरच्या बाजूनं हाय." ती माणसं चहा न घेता उठली. एक जण जाताना बाबांना म्हणाला, "तुझ्या शब्दावर चाललोय, अशोक. लक्षात ठेव."

पुढचा पावसाळा संपता संपता एका पहाटे ट्रेलर आले. बरोबर पोलिसांची गाडी होती. बाबा पोहोचले तेव्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मशीनं गेटबाहेर पडत होती. बाबांचं मशीन कोणतं, हे त्यांनी गुंडाळलेल्या आकारावरून ओळखलं. मशीनं दुसऱ्या राज्यातल्या कुणाला तरी विकली होती, तीही चालू स्थितीतली म्हणून चांगल्या किमतीला. युनियनच्या वकिलानं नंतर सांगितलं, विक्रीचं आधी कळलं असतं तर कोर्टातून थांबवता आली असती. आता रिकाम्या शेडवर भांडण्यात अर्थ नाही.

ज्यांनी बाबांचा शब्द मानला होता, ते बाबांशी बोलेनासे झाले. बाबा काकांशी बोलेनासे झाले. ओटा ओस पडला. बाबांनी एका सोसायटीत वॉचमनचं काम धरलं आणि मी कॉलेज सोडू नये म्हणून आईनं दोन घरची पोळ्यांची कामं घेतली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. काका समोरून येताना दिसले की मी खाली बघायची. ते थांबत, "अभ्यास चाललाय ना माय?" एवढंच विचारत आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जात. त्यांना पुन्हा कारखान्याचं काम मिळालं नाही. नवी मशीनं नव्या पद्धतीची होती आणि त्यांचं वयही झालं होतं. ते एका दुकानात पंपांचे स्टार्टर दुरुस्त करत.

अशी काही वर्षं गेली. मग काकूंनी निरोप पाठवला: ह्यांना जेवण जात नाही, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय, अशोकभाऊंना भेटायचं म्हणतात. बाबा दोन दिवस नेहमीसारखे ड्यूटीवर गेले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल."

काका खाटेवर होते. इतके बारीक झाले होते की मला धक्का बसला. बाबा खुर्चीवर बसले. मग काका म्हणाले, "अशोक, माले माहीत होतं."

"काय?"

"ट्रेलर यायच्या दीड-दोन महिने आधी तीन माणसं आली होती. साहेब म्हणाला, मशीनं चालवून दाखव. मी दाखवली. मग त्यांनी टेप काढून मशीनची उंची मोजली. नंतर गेटची मोजली." ते थांबले. "मशीन विकत घ्यायचं असेल तरच कुणी गेट मोजतं."

बाबांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"त्या दिवशी बॅटऱ्या काढता आल्या असत्या. दहा मिनिटांचं काम. मी कपाट उघडलंसुद्धा होतं. हात नही गेला. चालती मशीन माझ्या हातानं मारायची..." त्यांना दम लागला. "तेवढ्यासाठी माफ कर."

"बॅटरीचं मरू दे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "मी रोज गेटसमोर बसत होतो. तू रोज माझ्यासमोरून आत जात होतास. गेट मोजलं हे मला का नाय सांगितलं?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. काका छताकडे बघत राहिले.

"तुला सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तू म्हणाला असतास, बॅटऱ्या काढ. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं. तुझं ऐकावं लागलं असतं."

बाबा उठले. दारात जाऊन त्यांनी चपला घातल्या. मग मागे न बघता म्हणाले, "म्हणालो असतो."

काका त्या महिन्यातच गेले. बाबा अंत्यविधीला गेले, त्यांनी खांदा दिला. कारखान्यातलं दुसरं कुणी आलं नव्हतं.

मी आता एम.ए. करते आहे. काकांविषयी लिहायचं मनात आलं तेव्हा ते योग्य की अयोग्य, हे मला ठरवता येईना. एका माणसानं मशीन वाचवलं आणि त्यात माणसं बुडाली, असं म्हणावं, तर माझ्या कपाळावरचा ताप पाहणारे काकाही तेच होते. शेवटी मी बाबांना विचारलं, लिहू का? ते ड्यूटीवर निघाले होते, काठी आणि डबा हातात होता.

"लिही," ते म्हणाले. "पण बिचारा होता, असं लिहू नको. त्याला सगळं कळत होतं."