इनास राजी झाला नव्हता

साल एकोणीसशे चौपन्न, माझं वय बासष्ट. या वयात माणसानं पेपरात लिहायला बसावं असं काही नाही, आणि माझी शाळा दुसरीतच सुटली. पण महिना होत आला, पाचूबंदरात माझ्याशी कोणी बोलत नाही. सभेनं मला वाळीत टाकलंय. गावात ऐकणारं उरलं नाही, तेव्हा गावाबाहेरच्यांनी तरी ऐकावं. आमचा इनास, माझ्यासारखाच होडी चालवणारा तांडेल, नारळी पुनवेच्या आधी गेला. त्याच्या मातीला आमचे धर्मा पाटील पुढं उभे राहून म्हणाले, "इनासबाव शांततेचा माणूस. शेवटी तो सभेच्या ठरावाला राजी झाला होता." समोर पेटी, बाजूला पाद्री, बायका रडतायत… म्हणून मी दात आवळून गप्प राहिलो. पण ते खोटं आहे. इनास राजी झाला नव्हता, आणि शांततेचा तर मुळीच नव्हता. एवढी वर्षं मी त्याच्या शेजारी जाळी सुकवली. वसईच्या किल्ल्यापासून अर्नाळ्याच्या किल्ल्यापर्यंत असा भांडकुदळ माणूस दुसरा नव्हता. मेल्यावर त्याचं भांडणसुद्धा काढून घ्यायचं, याचा मला राग आहे, आणि तो मी गिळणार नाही.

लढाईच्या काळात इनास मालाच्या आगबोटीवर खलाशी होता. बेचाळीस साली, सिंगापूर जपान्यांच्या हाती पडायच्या थोडं आधी, त्याची आगबोट तिथल्या धक्क्याला लागलेली. जो तो गोरा त्याला सांगायचा, सिंगापूर पडणं शक्य नाही, इथं आमच्या तोफा आहेत. आणि मग एका दुपारी तेच गोरे बायकापोरं, पेट्या, कुणी तर कुत्रासुद्धा घेऊन शिडीवर चेंगरू लागले. खाली धक्क्यावर हमाल उभे, आपल्याकडचेच, मद्रासकडचे, वर बघत. शिडी ओढून घ्यायचा हुकूम झाला तेव्हा दोर इनासच्या हातात होता. "काश्या, ज्याच्या भरवशावर ती मानसं निजली होती, तोच पयला उठून पळाला," एवढं तो शंभरदा सांगायचा. दोराचं मात्र एकदाच बोलला… मीही पुन्हा विचारलं नाही.

तिथून त्याचं राजकारण सुरू झालं. पोस्टाजवळच्या चहाच्या दुकानात पेपर मोठ्यानं वाचला जातो. बाकीचे बाजारभाव ऐकून उठायचे, हा बसून राहायचा आणि म्हणायचा, "आता भायेरचं वाच." कोरियात लढाई लागली तेव्हा दिल्ली दोन्ही बाजूंना उपदेश करत होती. इनास म्हणाला, दोन बैल झुंजतात तिथं मधे उभं राहून आरती म्हणू नये, आपल्या गोठ्याचं दार लावावं. चीनचं सैन्य तिबेटात शिरल्याचं वाचलं तेव्हा त्यानं कप खाली ठेवला. "कुंपन गेलं. आता शेजारी थेट पडवीत." दुकानातले म्हणाले, "इनास, हिमालय कुठं, पाचूबंदर कुठं! तुझी होडी जाते काय तिथं?" सगळे हसले. मी त्याला देव करायला बसलेलो नाही. येत्या नाताळाच्या आत रशिया-अमेरिका जुंपणार, असं त्यानं पन्नास साली पैजेवर सांगितलं होतं. नाताळ आला, करंज्या खाऊन झाल्या, कोणी जुंपलं नाही. "मंग पुढल्या नाताळाला," म्हणाला. चुकला तरी हटायचा नाही. पण मूळ गोष्टीत तो बरोबर होता, आणि मी आजही तेच म्हणतो. मोठा मासा लहान्याला भाऊ म्हणतो तो पोट भरलेलं असेस्तोवर.

गोव्यावरून तर त्याला फार छळलं. ख्रिस्ती ना तो! "इनास, गोवा सुटलं तर तुझे फिरंगी पाव्हने जातील रे," असं त्याला तोंडावर म्हणायचे. तो म्हणायचा, "जाऊ दे की. मी तुझ्याकडं जेवीन. तुझ्या बायकोचं कालवन झकास असतंय." हसणं थांबलं की मग तडकायचा. नि:शस्त्र माणसं पोर्तुगिजाच्या बंदुकीपुढं पाठवायची बोलणी त्याला ऐकवत नसत. "आरमार काय रंग द्यायला ठेवलंय? गोवा आपलं हाय ना, मंग जा नि घ्या. लोकांच्या पोरांच्या छात्या कशाला पुढं करता?" त्याला फिरंगी म्हणणाऱ्यांत त्याच्यापेक्षा कडक देशभक्त मला एकही दिसला नाही.

आता सभेचं. आमची डोल जाळी म्हणजे मोठ्या पिशव्या. वाहत्या पाण्यात त्यांचं तोंड उघडं राहावं म्हणून समुद्राच्या तळात उंच लाकडी खुंट ठोकून त्यांना बांधतात. ज्या गावाचा खुंट, त्या गावाचं पाणी. तिथं कागद नाही, सरकारी दगड नाही. हंगाम उघडताना खुंट ठोकला तर जागा तुमची. नाही ठोकला आणि दुसऱ्यानं ठोकला, की तुम्हाला बोलायला तोंड नाही. म्हणून आमच्या आजोबांपासून रीत आहे, आमच्या पाण्याच्या उत्तर टोकाला एक खुंट जास्तीचा ठोकायचा. त्याला जाळं बांधत नाही. तो नुसता राखणीचा. ठोकायला दोन होड्या आणि दोन्हींत भरपूर माणसं लागतात. एकट्यादुकट्याचं काम नव्हे.

यंदा उत्तरेकडच्या गावची माणसं नारळ घेऊन पाटलांकडं आली. म्हणाली, टोकावरून दरवर्षी कुरबुर होते, तर यंदा तिथं कोणीच ठोकायचं नाही, जागा मोकळी ठेवू, आपण भाऊ-भाऊ. पाटलांना गहिवरून आलं. ख्रिस्ती-हिंदू दोन्ही आळ्यांची सभा बोलावली.

"इनासबाव, जग कुठं चाललंय बघ," पाटील म्हणाले. "चीनसारखा देश दिल्लीशी सही करतो, एकमेकांच्या हद्दीत पाय टाकनार नाय म्हणून. आनि आपन एका खुंटावरनं भांडायचं?"

"पाटील, तिथं आजवर खुंट कोनाचा?"

"आपला."

"त्यांचा कवा होता?"

"नव्हता."

"मंग सोडलं कोनी? आपन. त्यांनी काय सोडलं, नारळ?"

मागून कोणीतरी ओरडलं, "काढा, आता सिंगापूर काढा!" सभा हसली. इनास उठून उभा राहिला. "हसा! दिल्लीनंबी हेच केलं. तिबेटात आपले शिपाई होते, डाक होती, तारेचे खांब होते. समदं देऊन आली, नि बदल्यात भाऊ घेऊन आली. मोकळी जागा मोकळी ऱ्हात नसते रे… तीच चूक तुमी हितं करताय, नि वर खोबरं खाताय."

हात वर झाले. विरोधात दोनच, त्याचा आणि माझा. पाटलांनी बजावलं, जो कोणी टोकाला होडी नेईल तो वाळीत. त्याची होडी वर ओढायला कोणी हात लावणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी होडीच्या फटी बुजवत होतो, तर इनासची बायको मोनाबाय चालत आली. पळत नव्हती, ते बघूनच मी ओळखलं. "काशादादा, तो उठत नाय," म्हणाली. मी गेलो. परसात लांब लाकूड आडवं पडलेलं, टोक अर्धं तासलेलं, आणि त्याला पाठ टेकून इनास बसलेला. कुऱ्हाड मांडीवर. होड्या नाहीत, माणसं नाहीत, सभा विरोधात, आणि हा खुंटाला टोक काढत होता.

मातीहून परतताना मी तिला विचारलं, "राजी झाला होता काय गं तो?"

"राजी?" ती रस्त्यात थांबली. "रातच्याला कालवनात काय घालायचं, त्यालापन तो जन्मात कंदी राजी जाला नाय."

आता पाटलांना हे छापलेलं कोणीतरी वाचून दाखवील. दाखवू दे. त्यांना, आणि दिल्लीत सह्या करणाऱ्यांनाही. तुमचा मोठेपणा तुमच्या घरच्या वस्तू वाटून दाखवा. गावाचं पाणी आणि देशाची हद्द तुमच्या आज्यानं तुम्हाला वाटायला दिलेली नाही. आणि जो तुम्हाला अडवत होता, त्याच्या तोंडात माती पडल्यावर त्याचा होकार तुम्ही मागून आणू नका. मेलेला माणूस परत हात वर करू शकत नाही, म्हणून हा सगळा धीर!

आमच्याकडं मयत झालं की दुसऱ्या दिवशी एकही होडी दर्यात जात नाही. ही रीत वरच्या-खालच्या सगळ्या गावांना ठाऊक. माती झाली त्या रात्रभर मला तेच टोचत होतं, उद्या टोकाला आपलं कोणी नसणार… पहाटे मी उठलो. थोरला मुलगा नाही म्हणाला, धाकटा वल्हं उचलून आला. एका होडीनं खुंट ठोकता येत नाही, म्हणून लाकूड नेलंच नाही. उत्तर टोकाला पोचलो, शीड उतरवलं आणि त्या जागेवर नांगर टाकून बसलो. उजाडलं तेव्हा उत्तरेकडून दोन होड्या येताना दिसल्या. जवळ आल्यावर दिसलं, दोन्हींच्या मधे लांब नवं लाकूड आडवं बांधलेलं होतं.

"अरे तांडेल!" त्यांच्यातला एक ओरडला. "काल तुमच्यात मयत झालं ना?"

"झालं."

"मग आज दर्यात कसे?"

नांगराचा दोर लांब सोडला की नांगर जास्त घट्ट धरतो. मी होता तेवढा सगळा दोर सोडला.